कर्ज काढून फिजिओथेरपी : तोयोसुच्या एका घरचा हिशेब



मध्यंतरी लोद येथील आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "माझा धाकटा मुलगा ठाण्याहून नोकरीनिमित्त तोक्योस गेला, त्यास आता नऊ वर्षे झाली. तोयोसु नावाच्या भागात राहतात. नात अठराची झाली. तिला फिजिओथेरपी शिकावयाची आहे. मुलगा म्हणतो, तिला शिष्यवृत्ती मिळेल, वर थोडे आपण घालू. मी म्हटले, शिष्यवृत्ती मिळते तर मग काळजी कसली? तर म्हणतो, आई, ती परत फेडावी लागते. ही कसली मेली शिष्यवृत्ती? मी माझी बँकेतली ठेव मोडू का? आणि मला जामीन राहता येईल का? ते कळवावे."

पत्र चार ओळींचे, पण प्रश्न एकट्या त्या बाईंचा नाही. आमची मुले आणि नातवंडे आता कोठे कोठे शिकत आहेत, आणि जेथे शिकतात तेथे कर्ज काढतात. म्हणून आम्ही तोयोसुस त्या मुलाशी आणि नातीशी दोनदा टेलिफोनवर बोललो, तेथील सरकारी पत्रके पाहिली, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे निघाले ते येथे पाठासारखे मांडतो. ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनीही थोडे सोसावे, कारण या गोष्टीत आकड्यांवाचून काहीच कळत नाही.

प्रथम जागा समजून घेऊ. तोयोसु हा तोक्योच्या कोतो वॉर्डातील समुद्राकाठचा भाग. सारी जमीन भरावाची. १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर शहरातला राडारोडा येथे आणून टाकला. मुंबईकरांस भराव म्हणजे काय ते आम्ही सांगावयास नको. पुढे येथे जहाजे बांधण्याची मोठी गोदी होती, ती २००२ मध्ये बंद झाली आणि त्या जागेवर उंच उंच इमारती उठल्या. २०१८ च्या ऑक्टोबरात तोक्योचा प्रसिद्ध मासळीबाजार त्सुकिजीहून येथे आला. (मासळीवर जीव असलेल्या आमच्या लोकांस हे ठिकाण आवडेल यात शंका नाही.) येथेच किड्झानिया म्हणून मुलांचे खेळातले शहर २००६ पासून आहे. तेथे पोरे डॉक्टर, आगवाले, पाववाले होतात आणि अर्ध्या तासाच्या कामाचा खोट्या नोटांत पगार घेतात. आमची ही नात लहानपणी तेथे गेली होती. ती हसून म्हणाली, "तिथे शिकण्याचे पैसे कोणी मागत नाही, पहिल्या मिनिटापासून पगार."

खऱ्या शहरात मात्र उलटे आहे. आधी शिकण्याचे पैसे, मग पगार.

तिला हे शिक्षण का हवे, तेही सांगावयास हवे. दोन वर्षांपूर्वी तिची आई घराच्या पायरीवरून घसरली आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात रोज एक तरुण बाई येऊन तिला उभे करी, काठीने चालवी, जिना चढवी. आईला जपानी नीट येत नाही. म्हणून ही मुलगी शाळा सुटली की तेथे जाई आणि दुभाषाचे काम करी. "आई, टाच आधी टेक," हे वाक्य तिने किती वेळा मराठीत सांगितले असेल कोण जाणे. त्यातून तिने ठरविले. आम्ही म्हणतो, ठरविण्याची ही रीत वाईट नाही. पुष्कळ मुले डॉक्टर-इंजिनियर यापेक्षा कमी कारणावर होतात.

शिष्यवृत्ती की कर्ज?

आता बाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. जपानीत "शोगाकुकिन" असा एक शब्द आहे. कोशात पाहाल तर अर्थ शिष्यवृत्ती. पण व्यवहारात या एका शब्दात दोन गोष्टी बसतात, दान आणि कर्ज. तेथील सरकारी संस्था १९४३ पासून हे पैसे देत आली. २००४ पासून तिचे नाव विद्यार्थी साहाय्य संस्था अशा अर्थाचे आहे. आणि २०१७ मध्ये परत न घ्यावयाची मदत सुरू होईपर्यंत या संस्थेच्या "शिष्यवृत्त्या" देशातल्या विद्यार्थ्यांसाठी म्हणजे कर्जच होत्या. दानाची बाजू २०२० मध्ये वाढविली, पण ती मुख्यत्वे कमी उत्पन्नाच्या घरांसाठी. तोयोसुत राहणाऱ्या इंजिनियरच्या मुलीस तिची आशा धरू नये.

राहिली कर्जे, तीही दोन. पहिल्या प्रकाराला व्याज नाही, पण गुण आणि घरचे उत्पन्न दोन्ही पाहतात. दुसरा प्रकार १९८४ पासूनचा, त्यास व्याज आहे, त्याची कमाल मर्यादा तीन टक्के. यात महिना २० हजारांपासून १ लाख २० हजार येनपर्यंत हवी ती रक्कम मागता येते. वडील म्हणत होते ती "शिष्यवृत्ती" हीच.

आमच्या समाजात शिष्यवृत्ती या शब्दाला वेगळा मान आहे. डॉ. जेरुशा झिराड यांस भारत सरकारने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली आणि ती मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. लंडनहून शिकून येऊन त्यांनी १९२८ ते १९४७ मुंबईचे कामा हॉस्पिटल सांभाळले, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. ते दान होते. म्हणून आजीच्या मनात शिष्यवृत्ती म्हटले की पेढे वाटावयाचे, आणि तिच्या मुलाच्या मनात महिन्याचा हप्ता. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण घरात बोलताना यापुढे त्यास कर्जच म्हणावे, अशी आमची सूचना आहे. शब्द बदलला की रक्कम आपोआप थोडी कमी मागितली जाते.

येथे परदेशी कुटुंबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. वडिलांच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या परवान्यावर राहणाऱ्या मुलांना हे कर्ज पूर्वी मिळतच नसे. २०२४ पासून दार थोडे उघडले. मूल बारा वर्षांच्या आत जपानात आलेले असावे, तेथीलच प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा त्याने पुऱ्या केलेल्या असाव्या, आणि पुढे जपानात नोकरी करून राहण्याचा विचार असावा. आमची नात नऊ वर्षांची असताना आली आणि जपानी शाळेत गेली, म्हणून बसते. तिच्याच इमारतीतली, भारतीय शाळेत इंग्रजीतून शिकलेली मुलगी बसत नाही. आईबापांनी दहा वर्षांपूर्वी शाळा निवडली तेव्हा हा विचार कोणाच्या डोक्यात असणार!

जामीन

बाईंचा तिसरा प्रश्न दुसऱ्याच्या आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सोपे आहे. नाही. हे कर्ज माणसांच्या जामिनावर घ्यावयाचे तर बाप मुख्य जामीन आणि वेगळ्या घरातला काका-मामासारखा नातेवाईक दुसरा जामीन लागतो, आणि त्या दुसऱ्याचे वय साधारणपणे ६५ च्या आत असावे लागते. आजी वयानेच बसत नाही, हे एका परीने बरेच झाले.

कारण त्या दुसऱ्या जामिनाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. कायद्याने त्याच्या गळ्यात फक्त निम्मी रक्कम पडते. पण संस्था पुष्कळांकडून सगळी मागत असे, आणि ज्यांना कायदा ठाऊक नव्हता त्यांनी ती भरली. शेवटी काही जामीन कोर्टात गेले, आणि २०२२ च्या मे महिन्यात साप्पोरोच्या उच्च न्यायालयाने जास्तीचे पैसे परत करावयास लावले. कोकणातून आलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांस सावकाराच्या कागदावर अंगठा म्हणजे काय ते ठाऊक होते. सही करणाऱ्या नातवंडांसही ते ठाऊक असावे.

दुसरा मार्ग हमी देणाऱ्या संस्थेचा. कोणाचेही पाय धरावे लागत नाहीत, दर महिन्याच्या पैशांतून काही हजार येन हमीपोटी कापून घेतात. पण हमी म्हणजे माफी नव्हे. मुलीने हप्ते थकविले तर ती संस्था आधी भरते आणि मग तिच्याच दारी वसुलीला येते. तरीही काका-मामांचे संबंध शाबूत राहतात म्हणून आम्हांस हाच मार्ग पसंत आहे.

वीस मिनिटांचा भाव

आता मुख्य गोष्ट. कर्ज मोठे की लहान हे नुसत्या रकमेवरून कळत नाही, पुढे मिळकत किती आणि ती वाढणार कशी यावरून कळते. वडिलांचे म्हणणे असे, "सुरुवातीचा पगार कमी असेल, पण अनुभवाने वाढेल. मी नाही का वाढलो?" ते संगणकाच्या धंद्यात आहेत. आम्हांस येथेच त्यांची चूक दिसली.

जपानात पुनर्वसनाच्या उपचाराचा भाव सरकार ठरविते. वीस मिनिटांचे एक माप धरतात. पक्षाघाताच्या रोग्यासाठी, पुरी सोय असलेल्या रुग्णालयात, २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे एका मापाचे २४५ गुण, एका गुणाचे दहा येन, म्हणजे २,४५० येन. हाडासांध्याच्या रोग्याचे १८५ गुण, म्हणजे १,८५० येन. एका माणसाने दिवसाला अठरा मापे करावी असे प्रमाण आहे. ओढूनताणून चोवीसपर्यंत जाता येते, पण आठवड्याला १०८ च्या वर नाही.

गुणाकार करा. अठरा मापे पक्षाघाताची म्हणजे दिवसाला ४४,१०० येन. सगळी हाडासांध्याची धरली तर ३३,३००. महिन्याला वीस-एकवीस दिवस. यातून त्या माणसाचा पगार, बोनस, विमा, जागा, साधने, आणि नोंदी लिहिण्यात व बैठकीत जाणारा बिनमोल वेळ, सारे काढावयाचे. आणि लक्षात ठेवा, परवा परीक्षा पास झालेल्या मुलीच्या वीस मिनिटांचा जो भाव, तोच वीस वर्षे हात घासलेल्या उस्तादाच्या वीस मिनिटांचा. रुग्णालयाला दोघांचे सारखेच पैसे मिळतात. मग उस्तादाला दुप्पट पगार कोण आणि कोठून देणार?

म्हणूनच सरकारी वेतन पाहणीत या वर्गाची (फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, वाचा-उपचार आणि दृष्टिप्रशिक्षण मिळून) वार्षिक सरासरी २०२२ मध्ये सुमारे ४३ लाख येन निघाली, आणि ती सर्व धंद्यांच्या सरासरीहून कमी आहे. नवीन माणूस यापेक्षा बराच खाली सुरू होतो. २०२४ मध्ये पगारवाढीसाठी दरपत्रकात वेगळी भर घातली, तेवढाच दिलासा. शिवाय जपानी फिजिओथेरपिस्ट डॉक्टरच्या सांगण्याखाली काम करतो. मुंबईत जसे कोणी दादरला दोन खोल्या घेऊन पाटी लावतो, तसे विम्याचे उपचार स्वतःच्या पाटीवर तेथे करता येत नाहीत.

माणसेही पुष्कळ झाली. परीक्षा पास झालेल्यांची एकूण संख्या दोन लाखांवर गेली आहे. आणि २०१९ मध्ये सरकारी समितीने असा अंदाज केला की २०४० च्या सुमारास फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचाराची माणसे गरजेच्या दीडपट होतील. म्हाताऱ्यांच्या देशात असे कसे, असे कोणीही विचारील. रोगी कमी पडतील असा याचा अर्थ नाही, पैसे देण्याची मापे मोजून ठेवलेली आहेत हा अर्थ. २००६ मध्ये सरकारने पक्षाघाताच्या उपचाराला १८० दिवसांची मर्यादा घातली तेव्हा तोमिओ तादा या मोठ्या शास्त्रज्ञांनी मोहीम उभारली. ते स्वतः २००१ मध्ये पक्षाघाताने आजारी पडले होते. चार लाखांवर सह्या गोळा झाल्या, काही अपवाद मिळाले, पण मापाची पद्धत राहिली.

गंमत अशी की या विद्येत मुंबई जपानच्या पुढे होती. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा १९५३ मध्ये निघाली. जपानची पहिली शाळा तोक्योजवळ कियोसे येथे १९६३ मध्ये, आणि कायदा १९६५ चा. मागून आले आणि पुढे गेले.

हप्ता

वडिलांचा बेत असा होता. एका खाजगी विद्यापीठात वर्षाला सतरा लाख येन फी, चार वर्षांचे ६८ लाख. त्यातले महिना एक लाखाप्रमाणे ४८ लाख मुलीच्या नावे कर्ज, बाकी वडील घालणार. एका शेकेलचे चाळीस ते पन्नास येन धरा, म्हणजे मुलीच्या डोक्यावर एक लाख शेकेलच्या आसपास.

हे वीस वर्षांत, २४० हप्त्यांनी फेडावयाचे. व्याज एक टक्का पडले तर हप्ता सुमारे २२ हजार येन, एकूण फेड सुमारे ५३ लाख. व्याज तीन टक्क्यांच्या मर्यादेला भिडले तर हप्ता सुमारे २७ हजार आणि फेड सुमारे ६४ लाख.

मुलीचा पहिला पगार २ लाख ४० हजार धरू. विमा, निवृत्तिवेतन, कर कापून हाती सुमारे १ लाख ९० हजार. शिक्षण मार्चमध्ये संपते, हप्ता सातव्या महिन्यापासून म्हणजे ऑक्टोबरपासून सुरू. दुसऱ्या वर्षी आणखी एक कापणी येते. तेथे शहराचा रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर बसतो, म्हणून पहिल्या वर्षी तो नसतो आणि दुसऱ्या वर्षी पगार वाढण्याआधी हाती येणारी रक्कम कमी होते. आम्ही हे सांगितले तेव्हा टेलिफोनच्या पलीकडे बाप गप्प झाला. त्याला स्वतःला हा धक्का बसला होता, आणि तो विसरला होता.

घर वेगळे केले तर? तोयोसुत एका खोलीचे भाडे लाख येनच्या वर सहज जाते. म्हणजे हप्ता आणि भाडे देऊन साठ-सत्तर हजारांत महिना. जमणार नाही. मुलगी आईबापांकडे राहील, हे ठीक. पण बापाची नोकरी गेली किंवा बदली झाली तर? कर्ज तर जपान सोडल्यानेही सुटत नाही. इस्राएलला आली तरी हप्ता येनमध्येच जाणार.

पैशाचा सल्ला देणारे एक ढोबळ माप सांगतात की एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराहून जास्त नसावे. बोनस धरून तिचा पहिला वार्षिक पगार ३३-३५ लाख होईल. ४८ लाख म्हणजे जवळजवळ दीडपट. ज्या धंद्यात पगार पुढे भराभर वाढतो तेथे हे चालूनही जाते. जेथे वीस मिनिटांचा भाव बांधलेला आहे तेथे चालत नाही. येथे कर्ज पगारवाढीने मागे टाकता येत नाही, ते शाळा निवडतानाच कमी करावे लागते. आमच्या साऱ्या हिशेबाचे सार एवढेच आहे.

अमेरिकेत आमचे ज्यांचे नातेवाईक आहेत ते म्हणतील की हे काहीच नाही. खरे आहे. तेथे २०१६ पासून या धंद्यासाठी डॉक्टरेटच लागते, आणि त्यांच्या संघटनेच्या २०२० च्या पाहणीत नव्या लोकांचे सरासरी शैक्षणिक कर्ज दीड लाख डॉलरच्या आसपास निघाले, तर पगार वर्षाला लाख डॉलरच्या आसपास. म्हणजे पुन्हा तेच दीडपट! दुसऱ्याच्या घरी आग मोठी आहे म्हणून आपली विझत नाही.

दुसरे दरवाजे

तीन वर्षांच्या धंदेशिक्षण शाळा आहेत. परीक्षा तीच, परवाना तोच, रुग्णालयात पगारही बराचसा सारखा, आणि एक वर्ष आधी कमाई. नुसत्या येनच्या हिशेबाने हा रस्ता खाजगी विद्यापीठाला मागे टाकतो. पण आमच्या लोकांनी एक विचार करावा. ही मुलगी उद्या आजीजवळ यावयाचे म्हणाली तर? इस्राएलमध्ये २००८ च्या कायद्यापासून फिजिओथेरपीचा परवाना आरोग्य खात्याकडून घ्यावा लागतो, आणि त्यास विद्यापीठाची पदवी लागते. तीन वर्षांचा जपानी दाखला तेथे अडेल. ज्या घराचे एक पाऊल लोदमध्ये आहे त्याने पदवी सोडू नये.

काही रुग्णालये स्वतः शिक्षणाचे पैसे देतात, अट अशी की पास झाल्यावर इतकी वर्षे आमच्याकडे काम करावे, म्हणजे फेड माफ. जपानीत यास आभाराची चाकरी अशा अर्थाचा शब्द आहे, आपल्याकडे डॉक्टरांचा बाँड असतो तसाच. मधेच सोडल्यास सारी रक्कम एकदम मागतात. अठराव्या वर्षी कोठे नोकरी करणार ते लिहून द्यावे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही देणार नाही. याउलट २०२१ पासून मालकाने नोकराचे कर्ज परस्पर संस्थेला फेडण्याची सोय झाली आहे. नोकरी शोधताना पगाराइतकेच हेही विचारावे.

आणि आता खरा दरवाजा, जो वडिलांनी ठोठावलाच नव्हता. तोक्यो महानगर विद्यापीठ. त्याच्या आराकावा येथील आवारात फिजिओथेरपीची चार वर्षांची पदवी आहे. फी वर्षाला ५,२०,८०० येन, प्रवेशाचे तोक्योवासीयांस १,४१,०००. पुरी फी भरली तरी चार वर्षांचे सुमारे २२ लाख, खाजगीच्या एक तृतीयांश. त्याहून मोठी गोष्ट ही की २०२४ पासून ज्यांचे कुटुंब तोक्योत राहते अशा विद्यार्थ्यांना, घरचे उत्पन्न कितीही असो, तेथील शिक्षणाची फी माफ केली आहे. अर्थात अटी आहेत, परदेशी नागरिकांच्या परवान्याबद्दलच्याही. त्या विद्यापीठाच्या कचेरीतून लेखी उत्तर घेऊनच धराव्या. पण तोयोसुचे महागडे भाडे नऊ वर्षे भरल्याचा काही मोबदला मिळावयाचा असेल तर तो येथेच आहे. जागा थोड्या, परीक्षा कठीण. वडिलांना खाजगी विद्यापीठाचे आकर्षण वाटले ते शाळेच्या शिफारशीवर तेथे प्रवेश सोपा म्हणून. सोप्या दाराची किंमत ४६ लाख, असे आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले.

महाराष्ट्रात पाठवावे का, असेही त्यांनी विचारले. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची पदवी आहे, शेवटी रुग्णालयात काम. पदवी चांगली, आणि भारतात राहून स्वतःचा दवाखाना काढावयाचा तर उत्तमच. परंतु पुन्हा जपानात काम करावयाचे तर तेथील खात्याची मान्यता आणि मग जपानीतून परीक्षा. ज्या मुलीचे सारे शिक्षण जपानीतून झाले तिने हा वळसा का घ्यावा?

हिशेबाच्या दुसऱ्या पानावरही काही लिहिले पाहिजे, नाहीतर आम्ही सावकारासारखे बोलतो असे होईल. फिजिओथेरपीचा परवाना हातात आला की तिला जपानात स्वतःच्या नावावर राहता येते. वैद्यकीय कामाचा जो राहण्याचा परवाना आहे त्यात हा धंदा येतो. आज ती बापाच्या नोकरीच्या शेपटीला बांधलेली आहे, उद्या नसेल. याची किंमत येनमध्ये करता येत नाही, पण परदेशात राहिलेल्या आमच्या वाचकांस ती कळेल. काम टिकणारे आहे, फार श्रीमंत करणारे नव्हे. आणि संकट आलेच, वर्षाची मिळकत तीस लाखांच्या आत राहिली, तर हप्ते पुढे ढकलण्याची सोय आहे, सर्व मिळून दहा वर्षांपर्यंत. मात्र आपण होऊन अर्ज करावा लागतो. न सांगता हप्ते थकविणाऱ्याला ती मिळत नाही.

शेवटी आम्ही, मुलगी आणि तिचे वडील यांनी मिळून असे ठरविले. पहिला प्रयत्न आराकावाचा. कर्जाचा अर्ज शाळेमार्फत आधीच करून ठेवावयाचा, कारण मंजूर झाले तरी नंतर नको म्हणता येते. पण मागावयाचे महिना एक लाख नव्हे, तीस हजार, पुस्तके, प्रवास आणि प्रशिक्षणाच्या दिवसांसाठी. चार वर्षांचे १४ लाख ४० हजार, हप्ता दहा हजारांच्या आसपास. आराकावा हुकले तर तीन वर्षांची शाळा की एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा, याचा विचार तेव्हा. सतरा लाखांचे विद्यापीठ यादीतून काढले. वडिलांना ते थोडे लागले. शिफारसपत्राबद्दल त्यांनी शाळेत शब्द टाकला होता.

आता लोदच्या बाईंस. ठेव मोडू नये. तुमच्या म्हातारपणी तुम्हांलाच कोणी वीस मिनिटे धरून चालविण्याची वेळ येईल, तेव्हा ती लागेल. मनच राहत नसेल तर नातीचा प्रवेश झाल्यावर प्रवेशाचे १,४१,००० येन तुमच्याकडून पाठवा. तीन-साडेतीन हजार शेकेल होतील. ती खरी शिष्यवृत्ती, परत न घ्यावयाची. परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीस आहे आणि निकाल मार्चमध्ये. तोयोसुहून पत्र आले म्हणजे वाचकांस कळवू.